पाचातली चार

सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर वावरणाऱ्या युरोपीय खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेल्यात एक नवे पेय आले. माडाच्या सुरेपासून गाळलेली दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि थोडा मसाला अशा पाच जिनसा मोठ्या वाडग्यात कालवून ते तयार होई. इंग्रज त्याला 'पंच' म्हणू लागले. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव १६३२ पासून आढळते. आज जगभर लिंबूवर्गीय फळांच्या रसात मद्य मिसळून जी कॉकटेले घरोघरी होतात, त्यांच्या वंशावळीत हे पंच फार वरच्या पिढीत बसते. त्याचा जन्म याच किनाऱ्यावरच्या जिनसांतून झाला, ही गोष्ट मात्र मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसालाही सहसा ठाऊक नसते.

नावाची व्युत्पत्ती ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने नोंदवली आहे. फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई, गोवा आणि कारवारपर्यंत हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. गोव्यातल्या नेरूळची दारू सर्वांत चांगली, तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज पंच करतात, आणि पाच जिनसांमुळे त्याला इथल्या भाषेतल्या 'पाच' या आकड्याचे नाव पडले, असे तो सांगतो. हा शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असावा, असेही एक मत आहे. फ्रायरच्या आधी, १६३८ मध्ये, सुरतेच्या इंग्रज वखारीत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो अशाच पेयाचे वर्णन करतो. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर अशा चारच जिनसा आहेत. म्हणजे पाचाचा नियम तेव्हा सर्वत्र पाळला जात होता असे नाही. तरी मोजून पाच वस्तू एकत्र करण्याची रीत या भूमीला परकी नव्हती. देवापुढचे पंचामृत दूध, दही, तूप, मध आणि साखर या पाचांचेच असते. दाक्षिणात्य आणि मराठी वैद्यकाला ठाऊक असलेले 'पानक', म्हणजे फळाचा रस, गोड, मसाला आणि पाणी यांचे पेय, तर पंचापेक्षा कितीतरी जुने आहे. मराठीतला 'पन्हे' हा शब्द त्या पानकातूनच आला. इंग्रजांनी केले ते एवढेच, की पानकात दारू ओतली.

पुढच्या तीनशे वर्षांत या पाच जिनसांपैकी दारू कायद्याच्या हाती गेली आणि घराबाहेर पडली. बाकीच्या चार घरातच राहिल्या. सिंधुदुर्गातल्या घरगुती पेयांचा इतिहास मुख्यतः त्या चारांचा आहे. पण सुरुवात पहिलीपासून करावी लागते.

माडाची पोय उमलण्याआधी बांधून तिला कोयत्याने छेद दिला की रस ठिबकतो. तीच सूर किंवा माडी. मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यात माड काढण्याचे काम भंडारी समाजाचे. सकाळी उतरवलेली सूर गोड लागते, दुपारपर्यंत ती फसफसते, आणि तशीच ठेवली तर तिचा शिरका होतो. टिकवायची तर गाळावीच लागते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो सुरेचे, आणि सुरेपासून गाळलेल्या दोन प्रतींच्या दारूचे वर्णन करतो. कडक प्रतीला 'फुला' म्हणजे फूल असे नाव होते, आणि हलकीला 'उर्राक'. हा दुसरा शब्द अरबी 'अरक'मधून आला. त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळणाऱ्या द्रवाला अरबीत पडलेले ते नाव आहे. गोव्यात आणि सीमेलगतच्या गावांत आज 'हुर्राक' म्हटले की काजूची पहिल्या धारेची दारू डोळ्यांपुढे येते. ओर्ताच्या काळी मात्र तो शब्द माडाचा होता. झाड बदलले तरी शब्द टिकला. खाण्यापिण्याच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, आणि म्हणूनच केवळ नावावरून जिन्नस ओळखणे धोक्याचे असते.

दुसरी जिन्नस आंबट. लिंबूवर्गातली जुनी देशी फळे दक्षिणेत मान्यतेची होती. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातातले महाळुंग त्याच कुळातले. पपनस मात्र समुद्रमार्गे आग्नेय आशियाकडून आलेले फळ आहे, आणि त्याचे मराठी नाव डच 'पॉम्पेलमूस'शी नाते सांगते. डचांची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्याला होती, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. खलाशांना खरी गरज होती ती साध्या लिंबाची. महिनोन्महिने ताजे अन्न न मिळाल्याने हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग त्यांना होई. लिंबा-संत्र्यांनी तो बरा होतो याचा पद्धतशीर पुरावा स्कॉटिश डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ च्या प्रयोगातून दिला. अनुभवाने मात्र दर्यावर्द्यांना ते कधीच कळलेले होते. पंचाचा वाडगा हौसेचा होता, तसाच उपयोगाचाही होता.

लिंबाचे प्रमाण किती असे, हे मुंबईच्या १६९४ च्या एका सरकारी हुकमावरून कळते. खाणावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने एक क्वार्ट चांगली गोव्याची दारू, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट चांगला लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपले पंच आपण करावे, असा तो नियम. आजच्या मापात हे सुमारे एक लिटर दारू, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि पाव लिटर रस एवढे होते. एका कागदी लिंबातून १५ ते २० मिलिलिटर रस निघतो असे धरले तर एका वाडग्याला बारा ते सोळा लिंबे लागत. हुकमात दारूचे ठिकाण नेमके नोंदवले आहे, ते गोवा. म्हणजे या किनाऱ्याची दारू तेव्हा गुणाची खूण मानली जाई.

लिंबू कोकणात होते, पण सुखाने होत नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्याची निचऱ्याची जमीन आणि चार महिने ओली हवा यांत कागदी लिंबावर खैऱ्या रोग बळावतो. पानांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके पडतात. त्यामुळे सिंधुदुर्गात लिंबू हे परसातले, विहिरीच्या पाटावरचे एखाद-दुसरे झाड राहिले. त्याची बाग क्वचितच झाली. बाजारातली लिंबे घाटावरून येतात, तसा गूळही कोल्हापूरकडून घाट उतरून येत असे. पंचाची कृती या किनाऱ्यावर जुळली, तरी तिच्यातली लिंबू आणि साखर या दोन जिनसा इथे नेहमीच तुटवड्याच्या होत्या. किनाऱ्याला आपले आंबट दुसरीकडे शोधावे लागले, आणि ते रातांब्यात, म्हणजे कोकमाच्या फळात, सापडले. त्याकडे वळण्याआधी एका परदेशी झाडाची हकीकत सांगायला हवी.

काजू ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषेतल्या 'आकाजू'चा पोर्तुगीजांनी 'काजू' केला आणि तोच मराठीत आला. ओर्ताच्या १५६३ च्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. १५७८ मध्ये क्रिस्टोव्हांव द कॉस्ता याने कोचीनच्या बागांत तो पाहिल्याचे लिहिले. नेमक्या याच दोन तारखांच्या मधे तो आला असे म्हणता येत नाही, पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पश्चिम किनाऱ्यावर रुजला हे नक्की. जांभ्याच्या ज्या कातळाळ उतारावर दुसरे काही धड उभे राहत नाही, तिथे तो फोफावला. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले आणि मालवणच्या डोंगरउतारांवर आज तो इतका आपला झाला आहे की परका म्हटला तर ऐकणाऱ्याला पटू नये.

काजूची बी बाजारात जाते, तिच्या वरचे रसाळ फळ, म्हणजे बोंडू, मागे राहते. पिकलेला बोंडू एका दिवसात मऊ पडतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या काही पट असते, पण टॅनिनमुळे घसा खवखवतो. म्हणून पोरे फोडींना मीठ लावून खातात. गोव्यात या बोंडूंचा उद्योग झाला. कोळमीत, म्हणजे कातळात कोरलेल्या उथळ कुंडात, बोंडू तुडवून रस काढतात. तुडवलेल्या चोथ्यावर दगड ठेवला की शेवटी जो स्वच्छ रस ठिबकतो तो 'निरो'. तो ताजा प्यायचा असतो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या गाळणीची दारू म्हणजे हुर्राक. तिच्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के असतो आणि ती टिकत नाही, म्हणून मार्च ते मे एवढाच तिचा हंगाम. पुन्हा गाळली की फेणी. तिचा मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर जातो आणि ती वर्षानुवर्षे टिकते. 'फेणी' हे नाव फेसावरून पडले.

हुर्राकात लिंबू पिळतात, मीठ घालतात, हिरवी मिरची उभी चिरून सोडतात आणि वर थंड सोडा किंवा लिंबाचे गोड पेय ओततात. फ्रायरच्या पंचाशी हे ताडून पाहिले तर रचना तीच दिसते. दारू, आंबट, गोड, पाणी आणि तिखट. माडाच्या जागी काजू आला, जायफळाच्या जागी मिरची आली. ही नक्कल कोणी जाणून केली, असे मानण्याची गरज नाही. उन्हाळ्यात दमट किनाऱ्यावर घामाने मीठ जाते, जिभेला आंबट हवे असते, आणि कच्च्या दारूचा उग्र वास झाकायला तिखटासारखे दुसरे काही नाही. तीच गरज दोन वेगळ्या शतकांत एकाच कृतीपाशी येऊन पोहोचली.

कायद्याचा भाग रुक्ष आहे, पण त्याच्यावाचून पुढचे समजत नाही. कंपनी सरकारने १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ले घेतले. सावंतवाडी संस्थान वेगळे राहिले. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आल्यावर चार्ल्स प्रिचर्ड या आबकारी आयुक्ताच्या हाताखाली इलाख्यात माडांवरचा कर, परवाने आणि गाळपावरचे नियंत्रण कडक झाले. गावोगावची भट्टी बंद करून गाळप सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यांत नेण्याचे ते धोरण होते. भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्यावर तो मोठाच आघात होता. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. १८८० ते १८९२ या काळात तो अमलात होता. त्यात सीमेवरची जकात उठली, आणि गोव्यातही मीठ व आबकारी यांना ब्रिटिश धाटणीची शिस्त लावण्यात आली. करार संपला आणि सीमा पुन्हा उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर ही सीमा चवीचीही झाली. १९४८ मध्ये सावंतवाडी मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ चा दारूबंदी कायदा १९५० पासून प्रांतभर लागू झाला. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज राज्यात फेणी उघड गाळली जात होती, अलीकडे तोच बोंडू तसाच गाळणारा माणूस गुन्हेगार ठरत होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी दोन्हीकडचे कायदे वेगळेच राहिले. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल झाली, परवाने आले, पण घरी दारू गाळणे आजही गुन्हा आहे. गोव्याहून बाटली आणणाऱ्याला बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणीला तोंड द्यावे लागते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते गोव्याच्या नावाने, आणि २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय जाहीर केले. सिंधुदुर्गातल्या बोंडूचे, त्याच रीतीने गाळलेले मद्य त्या नावाने विकता येत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने काजूबोंडे, मोहाची फुले आणि फळे यांच्यापासून होणाऱ्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तो परवानाधारक कारखान्यांसाठी आहे, घरच्या चुलीसाठी नाही. दरम्यान जिल्ह्यातले कितीतरी बोंडू दर उन्हाळ्यात बी काढून झाडाखालीच टाकले जातात. ही नासाडी पाहवत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला' नावाच्या क्रमांकित काजू जाती दिल्या आणि बोंडूच्या सरबताच्या रीतीही शिकवल्या. साबुदाण्याची पातळ पेज रसात मिसळली की टॅनिन तळाशी बसते आणि वरचा निवळ रस घसा न धरता पिता येतो. बिनमद्याच्या पेयासाठी ही रीत सोपी आणि स्वस्त आहे.

आता उरलेल्या चारांकडे. इथे लिंबाची जागा रातांब्याने घेतली. हे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उताराचे, इथलेच. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. ओर्ताने त्यावरून 'ब्रिंदोंइश' असे नाव लिहून १५६३ च्या ग्रंथात या फळाला स्थान दिले आहे. रातांब्याच्या आंबटपणाचे लिंबाशी जे नाते आहे, ते विसाव्या शतकात उलगडले. लिंबातले आम्ल सायट्रिक. रातांब्याच्या गार्सिनिया वंशातल्या फळांचे मुख्य आम्लही बराच काळ सायट्रिक किंवा टार्टरिक समजले जाई. ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे असे लुईस आणि नीलकंठन या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले. सायट्रिक आम्लाच्या रेणूत एका हायड्रॉक्सिल गटाची भर पडली की ते तयार होते. झाडांची कुळे दूरची, पण आम्ले सख्खी म्हणावीत इतकी जवळची आहेत.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि मिरगाचा पाऊस लागला की संपतात. म्हणून मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे घाईचा काळ. फळे फोडून गर आणि बिया वेगळ्या करतात, साली उन्हात टाकतात. गराच्या आणि मिठाच्या रसात त्या साली बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी पाच-सहा पुटे बसली की काळीभोर, लवचिक आमसुले होतात. त्यांना मालवणीत सोलां म्हणतात. मीठ घालून टिकवलेला दाट रस म्हणजे आगळ. बियांचे घट्ट तेल फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावतात. फळाचा एकही भाग फुकट जात नाही, हे बोंडूच्या तुलनेत विशेष नोंदण्यासारखे आहे. एक खबरदारी सगळ्या घरांत पाळली जाते. रातांब्याचा रस बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवला तर कळकतो आणि बाधतो. त्यासाठी चिनी मातीची बरणी हवी.

घरच्या पेयांत तीन मुख्य. पहिले अमृत कोकम. ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत रचतात, तोंडाला फडके बांधून बरणी रोज उन्हात ठेवतात. साखरेचे वजन सालींच्या दुपटीपर्यंत जाते. आठवड्याभरात साखर विरघळून गर्द लाल पाक सुटतो. तो गाळून त्यात जिऱ्याची पूड आणि मीठ घालतात. पिताना एका भागाला पाच-सहा भाग पाणी. आंबट, गोड, मसाला, पाणी असे पंचातले चारही त्यात येतात. दुसरे तिवळ. आमसुले पाण्यात भिजवून कोळायची, मीठ, हिरवी मिरची, हिंग आणि कोथिंबीर घालायची. यात गोड नाही. तिसरी सोलकडी. आगळात नारळाचा दाट रस आणि ठेचलेली लसूण-मिरची घातली की गुलाबी रंग येतो. मासळीच्या जेवणाच्या शेवटी ती भातावर घेतात, नुसतीही पितात. माडाच्या सुरेला कायद्याने बांध घातला, पण माड पेल्यातून गेला नाही. तो खोबऱ्याच्या रसातून परत आला.

पेल्यातल्या पाण्यातही एक बदल झाला. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये गळ्यात काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. वायूच्या दाबाने गोटी वर दाबली जाऊन तोंड बंद राहते. ही बाटली कोकणातल्या जत्रांत 'गोटी सोडा' म्हणून रुळली. बर्फाच्या लादीवर ठेवलेल्या बाटल्या, अंगठ्याने गोटी आत ढकलल्याचा आवाज आणि पेल्यात लिंबू-मिठावर फसफसणारा सोडा हे जत्रेचे ठरलेले दृश्य झाले. लिंबाला मालवणच्या किनाऱ्यावर खरी लोकप्रियता मिळाली ती याच पेयाने.

रातांबा बराच काळ बांधावरचे आणि रानातले झाड राहिला. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बीपासून लावले तर जवळपास निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मृदकाष्ठ कलमांची पद्धत बसवली. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या. मग मादी झाडांचीच लागवड करता येऊ लागली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कातळावर काजू-आंब्याचे क्षेत्र वाढवले. बचत गटांनी आगळ आणि अमृत कोकम बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनेही मिळाली. मुंबईहून आलेला चाकरमानी मे महिन्यात परतताना आमसुलांची पुडी आणि आगळाची बाटली नेतो, ही रीत मात्र या सगळ्याच्या आधीची आहे.

घरातल्या आंबटाचा क्रम वर्षभर फळांप्रमाणे फिरतो. शिमग्याच्या सुमारास बोंडूचा रस, चैत्रात उकडलेल्या कैरीचे गूळ-वेलची घातलेले पन्हे, वैशाखात ताज्या रातांब्याचे सरबत. पाऊस सुरू झाला की आगळ आणि आमसुले. गणपतीत माणसांनी घर भरते तेव्हा अमृत कोकमाची बरणी काढतात. लिंबू या क्रमात कुठेही बसते आणि कुठेच अडत नाही. परसातल्या झाडाला लागलेले असेल तर ते पिळतात, नसेल तर दोन आमसुले भिजत घालतात.